चार्लीचं नाव

“मुकी हाय का गं ती बाई?”

कुंपणापलीकडून आवाज आला. मी पांढऱ्या पेटीचं दार उघडून तापमापक वाचत होते.

“मुकी कशाची? मिल्ट्रीत व्हती म्हणं. त्या खुराड्याशी तेवढं बोलायलीय.”

“एवढं मोठं खुराडं आन् कोंबडी एक बी न्हाई.”

दोघी हसल्या. मी आकडा पुन्हा वाचला, कारण पहिला विसरले होते. खुराडं म्हणजे झडपांची लाकडी पेटी. तिच्यात तापमापक टांगलेले असतात, ऊन लागू नये आणि वारा खेळावा म्हणून. पहिला आवाज सोनाबाईचा होता. तिचं घर कुंपणाला लागून होतं. ती मला रोज शेळीचं दूध घालायची आणि दूध घालताना माझ्याशी बोलायची नाही, कारण मीही बोलत नसे.

पोलीस ॲक्शननंतरचा तो पहिला हिवाळा. महायुद्धात मुलींची जी सहाय्यक फौज उभी राहिली होती, तिच्यात मी हवामानाची निरीक्षणं घ्यायला शिकले. विमानं उडायची की नाही ते इतर ठरवत. आम्ही आभाळ वाचून आकडे द्यायचे. युद्ध संपलं, फौज मोडली, मी युनिफॉर्म जमा केला. मग निजामी मुलूख भारतात आला. तिथल्या पुष्कळ ठिकाणी तारा तुटलेल्या होत्या आणि लष्कराला रोजचं हवामान हवं होतं. परभणीला शहराबाहेर एका सरकारी शेतावर छोटी वेधशाळा उभी करायची ठरली. तिथे राहायला कोणी तयार होईना. मी अर्ज केला. नोकरी मुलकी होती, माणसं लष्करी.

मला एक खोली मिळाली. खोलीसमोर सिग्नल्सचा तंबू आणि त्यात वायरलेस सेट. तंबूचे प्रमुख हवालदार पवार. पहिले काही दिवस माझे आकडे तेच सेटवरून सांगायचे. एकदा त्यांच्या तोंडून थंडी इतकी वाढली की समोरच्या ऑपरेटरनं विचारलं, परभणीला बर्फ पडलाय का.

“मिस गुप्ते, हे तुम्हीच बोला,” पवार म्हणाले आणि माइक माझ्या हातात दिला. “माझ्या तोंडात हवामान बसत नाही.”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते. इंग्रजीत आकडे बोलणं मला अवघड नव्हतं. अवघड होती ती समोरची माणसं. माइकच्या पलीकडे चेहरा नसतो, हे मला बरं वाटलं.

परभणीचा आवाज थेट जिंतूरपर्यंत पोचत नसे. मध्ये बोरीला एक चौकी होती. तिथला ऑपरेटर माझे आकडे ऐकून पुढे सांगायचा. बोरीचं नाव ‘चार्ली’, माझं ‘वेदर’. नेटवर, म्हणजे वायरलेसच्या जाळ्यावर, माणसाचं नाव घ्यायचं नाही, ही पहिली शिस्त. कोण ऐकत असेल ते सांगता येत नाही. चार्लीचा आवाज घोगरा होता. तो प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा, कधी चुकायचा नाही. मी “आउट” म्हटलं की संभाषण संपतं. त्यानंतर बोलणं नियमाबाहेर. पण चार्ली नेमका त्यानंतर एक शब्द बोलायचा.

“पाऊस?”

पहिल्या दिवशी मी माइक ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. पौषातलं स्वच्छ, कडक आभाळ होतं. मी म्हणाले, “निगेटिव्ह.”

मग ते रोजचंच झालं. पवार ऐकून न ऐकल्यासारखं करत. एकदा चहा पिताना ते स्वतःहून म्हणाले, “चार्लीवर नाईक गोपाळ माने आहे. माणदेशचा. घरी मेंढरं. आयुष्यात पाऊस कमी पाहिलाय, म्हणून विचारतो.”

मी मान हलवली. ते नाव मी कधी उच्चारलं नाही. तशी वेळच आली नाही. दिवसभरात कोणी माझ्याशी बोललं असेल तर ते पवार, आणि तेही कामापुरतं. संध्याकाळी शेतावरचे मजूर निघून गेले की वारा मोजायची पंखी फिरण्याचा आवाज उरायचा. मी दुसऱ्या सकाळचा फॉर्म आखून ठेवायची. आखलेला असला तरी पुन्हा पाहायची.

हिवाळा एका दिवसात जात नाही. आधी दव कमी होतं. मग कोरडा आणि ओला अशा दोन तापमापकांच्या आकड्यांतलं अंतर वाढत जातं. अंतर वाढलं म्हणजे हवा सुकली. करडई वाळते, तिचे काटे पायाला लागतात. पळस फुलतो. दुपारी मोकळ्या रानात वावटळी उठतात. ज्वारी निघालेल्या शेतांत मेंढपाळ कळप बसवतात. शेताला खत मिळतं, मेंढ्यांना चारा.

एका सकाळी सोनाबाई दूध ओतताना स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, “माजा भाऊ ग्यानबा बोरीला गेलाय कळप घेऊन. लेकरंबाळं संगं हायेत. उघड्यावरच ऱ्हातेत. थंडी गेली, आता काय घोर न्हाई.”

मी म्हणाले, “नाही.” तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिनं माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. उठले तेव्हाच गळ्याशी घाम होता. वारा आग्नेयेकडून येत होता. दोन तापमापकांतलं अंतर, जे रोज वाढत होतं, ते एका रात्रीत मिटत आलं होतं. बॅरोमीटर उतरला होता. आणि उंचावर बारीक ढगांची एक ओळ होती. खालून सपाट, वरून किल्ल्याच्या बुरुजांसारखी. शिकवताना आमचे अधिकारी या ढगांना ‘कॅसल’ म्हणत. सकाळी कॅसल दिसला तर संध्याकाळी छत्री विसरू नका, असं ते हसत सांगत. या दिवसांत, या मुलखात, छत्रीचं काम नव्हतं. मार्चच्या तोंडाला इथे पडतात त्या गारा.

वरच्या कचेरीतून आलेला अंदाज पवारांच्या टेबलावर होता. कोरडं हवामान. अंदाज सांगणं माझं काम नव्हतं. तेही पहिल्याच दिवशी शिकवतात. तुम्ही पाहा, भाकीत दुसरे करतील. मी आकडे वाचले. चार्लीनं ते परत म्हटले. मी “आउट” म्हटलं.

“पाऊस?”

“ॲफर्मेटिव्ह.” वायरलेसवरचं ‘होय’.

क्षणभर खरखर. मग तो हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “वेदर बी थट्टा कराया लागलं. लई बेस.”

मी माइकची कळ पुन्हा दाबली.

“चार्ली, थट्टा नाही. गारा पडतील. दुपारनंतर, अंधाराच्या आत. तुमच्या शिवारात मेंढपाळ आहेत. माणसं आणि कळप पक्क्या छपराखाली न्या. ओव्हर.”

इतकं लांब वाक्य मी परभणीत आल्यापासून बोलले नव्हते. पवारांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी माइक काढून घेतला नाही.

चार्ली म्हणाला, “विल्को.”

वायरलेसवर दोन शब्द असतात. ‘रॉजर’ म्हणजे ऐकलं. ‘विल्को’ म्हणजे ऐकलं आणि तसंच करतो. माणूस शपथ घेतो तसं विल्को म्हणतात.

पुढचं मला नंतर कळलं. मेंढपाळ हलायला तयार नव्हते. ग्यानबा म्हणाला, “आभाळ निवळ हाय की, साहेब. कशाला गरीबाला पळवायलात?” माने म्हणाला, “वेदरचा हुकूम हाय.” वेदर हा कोणी मोठा गोरा साहेब असावा असं त्यांना वाटलं, आणि गोरे जाऊन वर्ष उलटलं तरी हुकूम चालतो याचं नवलही. मग मानेनं बोटं तोंडात घालून शीळ घातली. मेंढ्या त्याच्या मागे चालू लागल्या. आपली मेंढरं परक्याच्या शिळेवर चाललेली पाहून सगळे मागोमाग धावले. दुपार टळायच्या आत बायका-पोरं दगडी देवळात होती आणि कळप शाळेच्या पडवीत.

दुपार कलल्यावर उत्तरेकडचं, बोरीच्या अंगाचं आभाळ जांभळं झालं. पवारांनी ठरलेली वेळ नसताना सेट उघडला. जिंतूरहून परभणीकडे जवानांचा एक ट्रक निघाला होता. बोरीला पोचण्याआधी त्याला ओढा ओलांडायचा होता. ट्रकमध्ये सेट होता, नेटवर त्याचं नाव ‘मोबाइल’, पण परभणीचा आवाज त्याला ऐकू जात नव्हता. चार्लीचा जाऊ शकत होता.

विजा सुरू झाल्या की ऑपरेटरनं एरिअल, म्हणजे सेटची उंच ताणलेली तार, खाली घ्यायचं आणि सेट बंद करायचा. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पवारांनी मला खूण केली.

“चार्ली, एरिअल खाली घ्या. सेट बंद करा. ओव्हर.”

“रॉजर.”

मी पवारांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. विल्को नाही. रॉजर.

मग त्याचा आवाज ट्रकला हाका मारू लागला. “मोबाइल, ओढ्यात उतरू नका. वर पाणी आलंय. थांबा. ओव्हर.” उत्तर नाही. पुन्हा तेच. त्याच्या आवाजामागे गारांचा आवाज होता, पत्र्यावर कोणी खडी ओतावी तसा. पुन्हा तेच. आवाज चढला नाही. सकाळी माझे आकडे म्हणायचा तसाच तो एकेक शब्द नीट म्हणत होता. अखेर अगदी क्षीण असं काहीतरी आलं. चार्लीनं ते आमच्यासाठी परत म्हटलं.

“मोबाइल थांबला. अलीकडंच. सगळे ठीक. आता एरिअल...”

एक तडाखा आला आणि सेट शांत झाला.

मी चार्लीला हाका मारत राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. पवारांनी माझी बोटं कळीवरून सोडवली. “बसा,” ते म्हणाले.

बोरीत त्या दिवशी काही मेंढ्या गेल्या. माणूस एकच गेला.

दुसऱ्या दिवशी तोच ट्रक त्याला घेऊन परभणीवरून गेला. फाटकाशी क्षणभर थांबला. वर ब्लँकेट होतं. मी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता, तेव्हाही पाहिला नाही. अंगावर युनिफॉर्म नव्हता म्हणून सॅल्यूट केला नाही. सावधान उभी राहिले.

सोनाबाई बाजूला आली. भाऊ वाचल्याची खबर तिला लागली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, “ह्येच व्हते का ते? नाव काय त्यांचं?”

“चार्ली,” मी म्हणाले.

“ते मिल्ट्रीचं झालं. खरं नाव?”

“नाव घ्यायचं नसतं.”

मी नेटबद्दल बोलत होते. सोनाबाईनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. युनिफॉर्मच्या दिवसांपासून मी कुंकू लावत नसे. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तिला काय वाटलं ते मला चैत्रात कळलं. शेतावरच्या ओव्हरसियरच्या पत्नी हळदीकुंकवाचं बोलावणं करत निघाल्या. माझ्या दाराशी आल्या, थबकल्या आणि पुढे गेल्या. कुंपणापलीकडे सोनाबाई कोणाला तरी सांगत होती, “मालक व्हता तिचा. नाव घेत न्हाई बगा, अजून बी.”

एका वाक्यात तो गैरसमज दूर झाला असता. मी ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा. पण त्या दिवसापासून सोनाबाई संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसू लागली होती. दुःखाच्या घरी बसतात तशी, गप्प, गुडघ्यावर हात ठेवून. वाऱ्याची पंखी फिरायची. मी काही बोलले असते तर ती उठून गेली असती, आणि तिला पुन्हा बोलवायला मला कारण सुचलं नसतं.

पावसाळ्याआधी तारा जोडल्या गेल्या. तंबू उठला. पवारांनी जाताना मला कडक सॅल्यूट केला. ते चुकीचं होतं, कारण मी मुलकी होते. आकडे आता तारेनं जाऊ लागले. आउट म्हणायचं काम राहिलं नाही.

पुढच्या वर्षी पळस फुलला तेव्हा सोनाबाई एका माणसाला घेऊन सकाळीच आली. ग्यानबा. डोईवर लाल पटका, हातात काठी. मी पेटीचं दार लावत होते. आभाळ कोरं होतं, दोन तापमापकांतलं अंतर मोठं होतं.

“बाई,” तो म्हणाला, “त्यांचा तंबू व्हता तितं आमी दगुड बसवलाय. शेंदूर लावलाय. कळप तितनं जाताना निवद दावावं म्हणतो. पर नाव घेतल्याबिगर निवद कुणाला पोचंल? लोक नुस्तं मिल्ट्रीवाला म्हणायलेत.”

सोनाबाईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. “आरं, बाईला नाव घ्यायला लावतूस व्हय? अक्कल हाय का न्हाई?” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “तुमी लिहून द्या, बाई. आमी कुणाकडनं तरी वाचून घिऊ.”

पेन्सिल माझ्या हातातच होती. मी ती पेटीवर ठेवली. मग नेटवर बोलतात तसं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

“नाईक गोपाळ माने.”