सासूबाईंची माफी आणि आमचा विमा

अकरा जानेवारी. ओटीवर चिकू निवडत बसले होते. मोठे एका क्रेटमध्ये, बारके दुसऱ्यात. दोन रिकामे क्रेट मधल्या पायरीवर मुद्दाम पालथे घातले होते. ती पायरी डगमगते. घरचे सगळे डाव्या कडेने चढतात. वाडीत राहायला आलेल्या मुंबईच्या बाईंना हे कुठून ठाऊक? आदल्या आठवड्यात त्या पडल्या. मनगट मोडलं, ऑपरेशन झालं.

खोल्या भाड्याने देतो म्हणून आम्ही विमा काढला होता. तो एजंटाने फोनवर समजावला.

"बेन, तुमच्या चुकीने पाहुण्याला लागलं तर हा विमा. तुम्ही पडलात तर काही नाही."

"सासूबाई पडल्या तर?"

"त्या घरच्या. त्यांनी डावीकडूनच जावं."

मग खरी मेख सांगितली. चूक आमची ठरली तरच कंपनी बाईंचा खर्च देणार. पण कंपनीला न विचारता आम्ही ती कबूल करायची नाही. म्हणजे चूक असावी, फक्त आमच्या तोंडून निघू नये. शिवाय कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पायरीला हात लावायचा नाही.

सासूबाईंनी तर बाई जमिनीवर असतानाच "आमचंच चुकलं हो" म्हणून टाकलं होतं.

"एवढ्यावरून क्लेम अडला तर सगळा खर्च त्या बाईंच्या गळ्यात पडेल," मी बजावलं. "आज सर्व्हेअर येतोय. तुम्ही बोलू नका."

"मी कुठे काय बोलते?" सासूबाई म्हणाल्या.

सर्व्हेअर आला. क्रेट बाजूला करून पायरी हलवून पाहिली, फोटो काढले. आत येताना चौकटीवर त्याचं डोकं आपटलं.

"आमचंच चुकलं, साहेब," सासूबाई म्हणाल्या.

मी डोळे वटारले. चहा त्याला गोड लागला. आमचंच चुकलं. तेवढ्यात लाइट गेली. तेही आमचंच चुकलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "आजी, त्या बाईंनाही असंच म्हणालात?"

सासूबाईंना माझी ताकीद नेमकी तेव्हा आठवली. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"म्हणाल्या," मी म्हटलं. "लपवून काय करू? पण काल वरोरच्या मासळीवालीच्या टोपलीतून कावळ्याने बोंबील पळवला, तेव्हाही हेच म्हणाल्या. कावळा काही आमचा नाही."

तो हसला. "ही कबुली नव्हे, सवय आहे. तसंच लिहितो. पायरी मात्र मी स्वतः हलवून पाहिली, तेवढं पुरे. क्लेम द्यावा असाच रिपोर्ट जाईल. पण आता ती दुरुस्त करा. माहीत असून तशीच ठेवलीत तर पुढच्या वेळी विमा असून नसल्यासारखा."

निघताना तो डाव्या कडेने उतरला.

"चहा अर्धाच राहिला, साहेब. आमचंच..." सासूबाईंनी सुरुवात केली. मी जोरात खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिमेंट कालवलं, पायरी पक्की बसवली आणि कडा सारख्या केल्या. वाडीतून परतलेल्या सासूबाई सवयीने डावी कड धरून चढल्या, थेट ओल्या सिमेंटवरून. पाऊल लख्ख उमटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी थापी उचलली आणि पाऊल पुसून काढलं.