दाजींचा आवाज आणि बारा इंची वूफर

बॅटरी चार्जिंगच्या दुकानात गोष्टी आपोआप साठतात, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. बॅटरी भरायला दिवस जातो. तोवर माणूस करणार काय? बाकड्यावर बसतो, चहा घेतो, बोलतो. मी शाळेत फारसा गेलो नाही, पण ऐकायला शाळा लागत नाही. कुडाळच्या टॅक्सी स्टँडला लागून माझं दुकान. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जो तो गाडीत टेप बसवायचा आणि बॅटरी माझ्याकडे आणायचा. त्यातले निम्मे किस्से एकट्या टॅक्सीवाल्या बाबीचे. तेव्हा आम्ही खूप हसलो. आता सांगायला बसलो की हसू मध्येच कुठेतरी राहतं.

*

बाबीचे वडील दाजी. वालावलच्या बाजूला कुणाकडे शुभकार्य निघालं की देवाला गाऱ्हाणं घालायला दाजींनाच बोलावणं जायचं. आवाज असा, की मागे उभ्या माणसाच्या छातीत वाजावा. बाबीने जुनी ॲम्बॅसिडर घेतली तेव्हा अंगणात गाडीपुढे नारळ ठेवून दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माज्या झिलाची ही गाडी कधी रस्त्यात उभी करू नको रे म्हाराजा!"

आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

स्टँडवरच्या दत्तारामने ते टेप करून घेतलं. त्याच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले, कॅसेटची चाकं रडतखडत फिरत होती. मी म्हटलं, "दत्तू, सेल बदल रे."

"फिरता मां? मगे झाला."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत दाजी गेले.

*

तेरावं झाल्यावर बाबीने ती कॅसेट टॅक्सीत लावली. आवाज आला तो बारीक, किनरा, घाईघाईचा.

"ह्यो माज्या बापाशीचो आवाज नाय," बाबी म्हणाला.

"स्पीकर बघ तुजे, पेढ्याच्या बॉक्सायेवढे," दत्ताराम म्हणाला. "जाड आवाज खंयसून येतलो? वूफर घाल."

झालं. तिथपासून बाबीला एकच ध्यास. दाजींचा आवाज होता तसा गाडीत आणायचा.

*

वूफर निवडायला तो पणजीला गेला, मला सोबत घेऊन. दुकानदाराने इंग्रजी गाणं लावलं. बाबीने कॅसेट पुढे केली, "ह्याच्यार दाखवा."

आठ इंची लावला, दहा इंची लावला. दाजी प्रत्येकावर गाऱ्हाणं घालत होते. दुकानात आपल्याकडचे दोन जण रेडिओ बघत उभे होते. त्यांनी मान वर न करता सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

दुकानदार बिचारा घाबरला. म्हणाला, "आठ इंची स्वच्छ वाजतो, बारा इंची जड वाजतो. पण बारा इंचीला ॲम्प्लिफायर वेगळा लागेल, जाड वायर लागेल. तुमची बॅटरी कशी आहे?"

"बॅटरी काकांची आसा," बाबी माझ्याकडे बोट करून म्हणाला, आणि बारा इंची घेतला.

*

वूफरला पेटी लागते. सुताराने फणसाच्या फळ्यांची केली, इतकी दणकट की तिच्यात माणूस झोपला असता. डिकी भरली. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने विचारलं, "सामान कुठे ठेवायचं?"

"मांडयेर," बाबी म्हणाला.

ते दत्तारामच्या गाडीत जाऊन बसले.

*

जाड वायर महाग म्हणून बाबीने लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांच्या माळेची वायर ओढली. ॲम्प्लिफायर काय माळ आहे? कणकवलीच्या वाटेवर ती तापून वितळली. मागे बसलेल्या म्हातारीने डोळे मिटून हात जोडले, "गाडयेत धूप घातलस ता बरा केलस रे झिला. वायच करपट आसा, पण चलात."

*

वायर बदलली. मग बॅटरी पुरेना. वूफर धडधडला की पुढचे दिवे मिणमिणत. भाडं मिळायची वाट बघत बाबी इंजिन बंद करून कॅसेट ऐकत बसायचा, आणि भाडं आलं की गाडी सुरू होत नसे. माणसं उतरून ढकलायची. दत्ताराम म्हणायचा, "बाबीच्या गाडयेत बसतले थोडे, ढकलतले जास्त!"

हळूहळू बसणारेही गेले आणि ढकलणारेही.

मी एकदा समजावलं. "बाबी, वूफर आहे तो आवाज मोठा करतो रे. नाही तो आणत नाही. गाडीवर तुझं घर चालतं."

"ऐकलाय मी तो आवाज, काकानू," तो म्हणाला. "खंयतरी आसतलोच."

*

दाजींच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे वालावलला गेलो. जेवणं उरकली. बाबीने अंगणात, जिथे तेव्हा नारळ ठेवला होता तिथेच गाडी लावली, डिकी उघडली आणि इंजिनाचा आवाज मध्ये नको म्हणून इंजिन बंद केलं. कॅसेट लागली. तोच किनरा आवाज, खाली नुसती धडधड.

"बाबी, बापूस वर जावन तरणो झालो काय रे?" दत्ताराम म्हणाला. लोक हसले. बाबीने मान खाली घातली.

मग बॅटरी बसायला लागली. आधी धडधड गेली. मग आवाज मंदावला. मंदावला तसा खाली उतरला, भरला, जड झाला. बाबीची आई आत भांडी घासत होती, ती राखेच्या हातांनी दारात आली.

"माज्या झिलाची ही गाडी... कधी रस्त्यात... उभी करू नको रे... म्हाराजा..."

दाजी. तेच दाजी. मला दत्तूच्या टेपरेकॉर्डरचे ते उतरलेले सेल आठवले.

कुणी हसलं नाही. "व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. पुढचं गाऱ्हाणं ताणत ताणत गेलं आणि थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबी ती बॅटरी खांद्यावरून घेऊन दुकानात आला. मी बुचं उघडून चार्जरचे चिमटे हातात घेतले. त्याने माझा हात धरला.

"भरू नका, काकानू. आसा तशीच ऱ्हवांदे."