वाटेवरची काटी

ये अशी, जवळ सरक. तू तिकडं उसाच्या फडात अन् मी इकडं, हे ठाऊक हाय मला. तरी सरक. सकाळी ट्रक निघायचा अन् आदल्या संध्याकाळी फोन करून सांगायचं, "अक्का, जाते बरं का," ही कुठली रीत? सहा महिने ऊसतोडीवर नातवंडं सांभाळायला जाणारी सख्खी धाकटी बहीण असं सांगते व्हय?

तुझ्या गावाला एसटीनं यायचं तर डोंगराला वळसा, दोनदा गाडी बदलायची, अन् पहिली गाडीच दुपारची. डोंगराच्या धारेवरनं जंगलातनं आलं की तू पलीकडंच, पण माझे गुडघे पायी चढ मानत न्हाईत. तेवढ्यात पुण्याची नात म्हणाली, "आज्जी, सायकलवर चल." ती अन् तिची मैत्रीण जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन दिवाळीला आलेल्या. मैत्रिणीचं पोट बिघडलेलं, म्हणून एक सायकल रिकामी.

"अंगणवाडीत कामाला असताना सायकलवरच जायचीस ना? अन् मोबाईल म्हणतोय, वाट मध्यम हाय."

मध्यम म्हणं. पोळीची कणीक मध्यम असते, डोंगर कधीपासून मध्यम झाला?

तुला भेटायचं म्हणून गेले. पातळ खोचलं, डोक्यावर ते हेल्मेटाचं टोपलं बांधलं, धपाट्यांचं गाठोडं हँडलला अडकवलं. सगळ्या वाटेनं नात मागनं, "आज्जी, गिअर हलका कर." म्हटलं, तू आधी तोंड हलकं कर.

धारेवर पहिली काटी आली. गवत राखलेलं, गुरं शिरू नयेत म्हणून वाटेत आडवी टाकलेली बाभळीची फांदी. तुला काय सांगायचं, आपण दोघींनी किती ओढल्यात. काढली त्यानं परत लावायची. मी खाली उतरले, काढली, सायकली पलीकडं नेल्या, परत लावली. पुढं दुसरी, पुढं तिसरी.

"येताना लावू की, आज्जी. ट्रक जाईल."

"तोवर कुणाची शेळी शिरली तर शिव्या कुणाच्या घराला बसतील?"

शेवटची काटी लई जड. ओढता ओढता ती नातीच्या चाकावरनं गेली अन् टायर बसला. पोरगी चाक खोलून बसली, मी माझी सायकल ढकलत कड्यापर्यंत गेले. सीताफळीच्या झुडपांतनं खाली बघितलं, तर ट्रक तुमच्या वेशीतनं बाहेर पडलेला. वर ताडपत्री, भांडी, पोरं, अन् मागच्या फळीला धरून तू. पिवळं पातळ मीच दिलेलं, म्हणून वळखलं.

घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. तू डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. अगं, वर का बघितलं न्हाईस? जन्म गेला त्या डोंगराच्या पायथ्याला, अन् हाक वरनं येते हे कळू नये? ट्रक वळला, धूळ तेवढी राहिली.

नात मागनं आली. "एक काटी न लावता तशीच ठेवली असती तर..."

"तर भेटली असती. मला कळतंय ते."

तुझ्यासाठी केलेले धपाटे मग आम्ही दोघींनी तिथंच दगडावर बसून खाल्ले. मीठ जरा जास्तच पडलेलं. परत निघालो. येताना सगळ्या काट्या परत काढल्या अन् परत लावल्या. या खेपेला पोरगीच उतरत होती, मला हात लावू दिला न्हाई.

तर आता ऐक. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला, की आधी घर झाडत बसू नको. धारेवरनं पायी ये, तुझे गुडघे अजून धड हायेत. वाटेत काटी लागली तर ओढून टाक अन् तशीच पुढं ये, लावायची मी बघीन मागनं. फक्त लवकर ये.