काटा शून्यावर येताना

आमच्या सूत रंगवायच्या कारखान्यात टाक्यांचा दाब दाखवणारी गेजं तपासायला येणाऱ्या काकांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. वर्षातून एकदा ते टेंभुर्णीहून एसटीनं येतात. ज्याच्याशी आमची गेजं ताडून बघायची ते त्यांचं स्वतःचं गेज टॉवेलात गुंडाळून मांडीवर असतं. अडकलेला काटा सुटावा म्हणून काचेवर नख वाजवायची त्यांची सवय इतकी मुरलीय, की चहा दिला तरी आधी कपावर नख वाजवतात.

मागं एकदा त्यांनी रंगाच्या बंद टाकीचं गेज आपल्या गेजशेजारी दाब द्यायच्या छोट्या हातपंपावर चढवलं आणि दाब वाढवत नेला. वर दोन्ही काटे जुळले.

सुपरवायझर घाईत होता. “काका, बरोबर हाय की. लावा स्टिकर.”

“खाली तर यिऊ द्या की,” म्हणत काकांनी दाब सावकाश सोडला. आमचा काटा शून्यावर टेकला. त्यांचा अजून वरच होता. त्यांनी दोन्ही काचांवर नख वाजवलं, तरी तसंच.

“टाकीचं झाकण कोण उघडतं?”

“मीच,” मी म्हणालो. काटा शून्यावर आला की उघडायचं, एवढंच मला ठाऊक. आत उकळतं पाणी असतं, दाब उरलेला असताना उघडलं तर ते अंगावरच उसळणार.

काकांनी ते गेज सरळ आपल्या पिशवीत टाकलं. “नवीन आणा. तवर टाकी बंद.”

तेव्हापासून आल्या आल्या ते माझे हात बघतात, उताणे आणि पालथे. “बरं हाय की,” म्हणतात आणि मगच पिशवी उघडतात.

आता ते दारात दिसले, की मीच हात पुढं करतो.