दुपारी दगा देणारा एसी

किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही हो. अंगणात एक बिघडलेली गाडी उभी करा, बॉनेट उघडा आणि बाजूला खुर्ची टाकून बसा. माणसं येतात, चहा येतो, किस्से साठत जातात. इंदुरात स्नेहलतागंजला आमच्या अंगणात कडुनिंबाखाली आमची जुनी गाडी असते. तिचा एसी बिघडला, त्या उन्हाळ्याचे हे किस्से. नुसते आठवले तरी सुखाने डोळे मिटायला लागतात.

*

सुरुवात आत्यापासून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची थोरली बहीण. राहते देपालपूरला. अण्णांना जगात एकटी तीच 'बाळू' म्हणते. तिचा एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यावरही मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनला आता उशीर नको."

उन्हात तिला गरगरतं, म्हणून आम्ही एसी लावून तिला इंदुरात आणायला गेलो. सकाळी जाताना गाडीत काश्मीर! पण आत्या कुरडयांचे डबे बांधून निघेपर्यंत दुपार झाली. गावाबाहेर पडलो आणि एसी गरम हवा फेकायला लागला. आत्या घामाघूम, चेहरा पांढराफटक. "गाडी वळव!"

मी म्हटलं, "आत्या, उद्या टॅक्सी करू."

"परक्याच्या गाडीत मरायची नाही मी! भावाची गाडी आधी धड करा. नाहीतर राहू दे तो डोळा!"

अण्णांनी महूच्या छावणीपासून पार सरहद्दीपर्यंत फौजेचे ट्रक चालवलेले. आत्याला घरी सोडून परतताना ते सारखं एसीचं बटण दाबून बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

*

मेकॅनिकने बॉनेटही न उघडता सांगितलं, "पूरा कंप्रेसर बदलेगा." अण्णा म्हणाले, "न बघता सांगतो? चल, घरीच बघू."

शेजारचा शिरीष आला. त्याचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोडे सांभाळायला होते, त्यामुळे हा पठ्ठ्या काम सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारतो! रविवारची सकाळ, आधी पोहे-जलेबी, मग गाडी सुरू. एसीचं बटण दाबलं की कंप्रेसरच्या तोंडाशी 'टक्' वाजतं. वाजलं. गार हवा आली.

"अरे भिया, ये तो चंगा है!" शिरीष म्हणाला. बॉनेट बंद, उरलेली जलेबी खलास.

दुपारी बटण दाबलं. टक् नाही, हवा नाही, काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पोहे, पुन्हा टक्, पुन्हा "चंगा है". असे किती रविवार गेले, विचारू नका!

*

एकदा शिरीषला वाटलं, रिले गेला असेल. रिले म्हणजे फ्यूजच्या डब्यातला चौकोनी ठोकळा. हॉर्नचा रिलेही तसाच, म्हणून त्याने तो काढून एसीच्या जागी लावला. एसीचा राहिला त्याच्या खिशात. तेवढ्यात माझी बायको संगीता गाडी घेऊन बाजारात गेली. इंदुरात, बिना हॉर्नची!

तासाभराने परत आली. आम्ही अपराध्यासारखे उभे.

"काय केलंत हो गाडीला?" ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा मी इतक्या शांततेत भाजी आणली!"

*

एका रविवारी आम्ही तिघांनी ठरवलं, काचा बंद करून आत बसायचं आणि एसी कधी दगा देतो ते पकडायचं. काचेवर कडुनिंबाची सावली हलत होती, गार झुळूक पायांवरून फिरत होती. पोटात पोहे. आधी शिरीषचा डोळा लागला, मग माझा. अर्धवट झोपेत अण्णांचं बरळणं ऐकू आलं, "गाडी हळू घे रे, पुढे बर्फ आहे!" मला स्वप्नात खरंच बर्फ दिसला. इतकी सुंदर झोप मला आयुष्यात लागली नाही.

काचेवर टकटक झाली. संगीता बाहेर, कमरेवर हात.

"झालं का रिपेरिंग?"

*

त्याच दिवशी तिचा पारा चढला. "तुम्ही लोक डॉक्टर झाला असता, तर ताप उतरल्यावरच पेशंट तपासला असता! एसी दुपारी बंद पडतो ना? मग दुपारी बघा!"

सकाळच्या पोह्यांशिवाय बॉनेट उघडता येतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं!

भर उन्हात गाडी काढली, गरम होऊ दिली. कंप्रेसरला करंट पोचत होता, पण त्याच्या पुढची चकती चुंबकाला चिकटतच नव्हती. इंजिन बंद करून अण्णांनी चकतीमागची फट बघितली. झिजून झिजून रुंद झालेली. सकाळी गार चुंबक तिला ओढून घ्यायचं, तापलं की त्याचा जोर कमी पडायचा.

"यात केसभर जागा हवी," अण्णा म्हणाले. "इथं तर लग्नाची पत्रिका जाईल, लिफाफ्यासकट!"

नट खोलला, चकती काढली, मागचा एक पातळ वॉशर कमी केला, चकती परत बसवली. एसीच्या गॅसला हात लावावा लागला नाही. बटण दाबलं. टक्! भर दुपारी! अण्णांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

संगीताने तो वॉशर तळहातावर घेतला. "एवढ्याशा टिकलीसाठी माझे इतके पोहे गेले?"

*

आत्या आली, दुपारीच आली, वाटभर घोरत आली. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी पूर्ण मोकळीक दिल्यावर तिला परत सोडायला निघालो. ऊन तसंच तळपत होतं. गाडीत काश्मीर. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसलेले, सारखा हवेसमोर हात धरून बघत होते.

आत्या मागे, नाक काचेला लावलेलं. मग म्हणाली, "बाळू, हे बंद कर."

"काय झालं अक्का? थंडी वाजते?"

"एसी बंद कर. काचा खाली घे."

"अगं, बाहेर आग आहे! गरगरेल तुला!"

"गरगरू दे. काचेतून काय बघायचं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच बटण दाबलं. चारही काचा खाली गेल्या, गरम वारा भसकन आत आला, आत्याचा पदर उडाला.

"बाळू, ते लाल काय आहे?"

"गुलमोहर, अक्का."

"आणि त्याच्या मागे?"

"तोही गुलमोहर."

"आणि ते?"

देपालपूर येईपर्यंत अण्णा घाम पुसत सांगत होते.