निंबाआबांनी लावलेले सहा कॅरिअर

सुरत स्टेशनवर आम्ही पहाटे उतरलो तेव्हा आमच्याकडे हेल्मेटं होती, सायकली नव्हत्या. त्या चार दिवस आधीच खोक्यांत भरून सुरतच्या डिंडोली भागात पाठवल्या होत्या, योगेंद्रच्या घरी. योगेंद्र आमच्या नाशिकच्या सायकल ग्रुपमधला. त्याचे वडील, निंबाआबा, इथे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कारागीर. आम्ही सहा जण. तीन दिवस. बारडोली, उकाई धरण आणि परत.

"आबांना बजावलंय, खोक्यांना हात लावू नका म्हणून," रिक्षात योगेंद्र म्हणाला.

मी सुरत पहिल्यांदाच पाहत होते. एका स्कूटरवरून साड्यांचा एवढा मोठा गठ्ठा चालला होता की चालवणारा दिसतच नव्हता. डिंडोलीत शिरलो. पाट्या गुजराती, भांडणं खानदेशी. योगेंद्रच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि नितीन ओरडला, "अरे देवा!"

नितीन आमचा म्होरक्या. त्याची सायकल एका बोटावर उचलता येते, आणि ती तो कुणाला उचलू देत नाही.

आमच्या सहाही सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. जोडून, पुसून, हवा भरून. प्रत्येकीला मागे लोखंडी कॅरिअर. प्रत्येकीला घंटी. हँडलच्या दोन्ही टोकांना साडीच्या जरीकाठाचे गोंडे.

शेजारी निंबाआबा उभे होते. पंचावन्नच्या आसपासचे, बारीक, दाढी नुकतीच केलेली. शर्टाला कडक इस्त्री. लूममध्ये माणसं ओरडूनच बोलतात, म्हणून ते घरीही ओरडूनच बोलायचे.

"खोकामा अर्ध्याच उन्यात रे!" ते योगेंद्रला म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "अर्ध्याच आल्या. कंपनीनं फसवलं तुम्हाला. ना कॅरिअर, ना घंटी. स्टँड मात्र काही बसेना. ते राहिलं."

आमच्यातली स्नेहा हसायला लागली आणि तिला थांबता येईना. योगेंद्रचा चेहरा लाल झाला. "आबा, सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं होतं," आबा म्हणाले. "पण पाहुण्यांनी आल्या आल्या पाने-पकडी घेऊन बसायचं का?"

नितीन एकेक बोल्ट तपासत गेला. हँडल, पेडल, ब्रेक. सहा सायकली तपासल्या. एकही बोल्ट चुकलेला नव्हता. मग तो आपल्या कॅरिअरकडे वळला. सायकलीला कॅरिअरसाठी भोकंच नव्हती. आबांनी तो सुताने बांधला होता. गाठी तांदळाच्या दाण्याएवढ्या. नितीनने नखं लावली, दात लावले, शेवटी चाकू काढला.

"कापू नका," आबा म्हणाले. दोन बोटांची चिमूट, एक झटका, गाठ सुटली. लूमवर तुटलेला धागा ते दिवसातून शेकडो वेळा जोडतात. पुढची गाठ. तिच्या पुढची. आपणच बांधलेलं आपणच सोडत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. पण आता ते ओरडून बोलत नव्हते.

एवढ्यात सकाळच्या पाळीची माणसं गल्लीतून निघाली. पहिली सायकल गेली. तिला कॅरिअर नव्हता. डबा हँडलला लटकत होता, गुडघ्यावर आपटत होता. दुसरी गेली. तिलाही नव्हता. तिसऱ्या सायकलवाल्याने, रघुनाथ त्यांचं नाव, पाय टेकला. "काय निंबाभाऊ, पाहुण्यांना आवडला का माझा कॅरिअर?"

"आवडला ना!" निंबाआबा मोठ्याने म्हणाले आणि सुटलेला कॅरिअर पायाने मागे सारला.

अख्ख्या गल्लीने आमच्यासाठी आपापल्या सायकली सोलल्या होत्या.

घरात प्रमिलाबाईंनी, योगेंद्रच्या आईने, चहा आणि गरम कळण्याची भाकरी पुढे केली. "खा व माय, लांब जायचंय." मी भाकरीचा तुकडा मोडला. कोपऱ्यात एक पिशवी भरून ठेवलेली. तिच्यात टॉवेल, एक शर्ट, आणि वर एक कोरं हेल्मेट, मोटारसायकलचं, काचवालं.

आबा बाहेरून आले आणि पिशवी हळूच पायाने खाटेखाली ढकलली. ती योगेंद्रनेही पाहिली.

"आबा, आज कामावर नाही?"

"गणपतला बदली दिलंय."

बदली म्हणजे आपल्या जागी लूम चालवायला दुसरा माणूस. योगेंद्रने मला नंतर सांगितलं की आबांनी अठ्ठावीस वर्षांत फक्त तीनदा बदली दिला होता. दोनदा लग्नासाठी, एकदा टायफॉइडमध्ये.

"आजच्या दिवस?"

आबा भाकरीकडे बघत म्हणाले, "तीन दिवस."

प्रमिलाबाई चुलीकडे वळून म्हणाल्या, "महिनाभर चाललंय. बारडोलीचा रस्ता कसा, उकाई केवढं लांब. मी म्हटलं, पोराला विचारा. तर म्हणे, त्याला लाज वाटंल माझ्या सायकलची."

योगेंद्र उठला. खाटेखाली वाकून पिशवी काढली, हेल्मेट आबांच्या डोक्यावर ठेवलं आणि काच खाली केली. "चाला आबा. उन्ह व्हई जाई."

काचेआडून आबा ओरडले, "काय?"

आम्ही निघालो. सहाही कॅरिअर मागे होते. नितीनचासुद्धा, परत बांधलेला. त्याने फक्त विचारलं, "गाठ शिकवाल का?"

वाटेत आबांनी मला विचारलं, "तुमचं शिक्षण काय?"

"एम.ए. मराठी."

"मराठी?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "ते तर तुम्हाला येतंच ना!"

त्यांची काळी सायकल जड. आम्ही वाट बघू असं ठरवलं होतं. वाट त्यांनीच बघितली, दोनदा. दिवसाचे बारा तास आठ लूमच्या मधून चालणारा माणूस थकत कसा नाही, हे आम्ही धापा टाकत एकमेकांना विचारत होतो.

चलथाणच्या पुढे हवेत उसाच्या रसाचा गोड, जड वास आला. आम्ही रसवंतीवर थांबलो. आबांनी सायकल स्टँडवर चढवली. ती रस्त्याकडेला ताठ उभी राहिली. आम्ही आमच्या सायकली नेहमीप्रमाणे गवतात आडव्या टाकायला लागलो.

"अरे, निजवता काय तिला!" आबा ओरडले. "इकडे टेकवा."

मी माझी त्यांच्या कॅरिअरला टेकवली. स्नेहाने माझ्या सायकलला. मग बाकीच्यांनी. शेवटी नितीनने आपली एका बोटावर उचलून आणली, जागा शोधली आणि आबांच्या हँडलला अलगद लावली.

सहा सायकलींचा भार घेऊन ती काळी सायकल तसूभरही हलली नाही. आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग काच वर करून रसाचा दुसरा ग्लास मागितला.