तीन टायर चढले, चौथा का नाही?

एप्रिल-मे महिन्यांत हायवेच्या कडेला फाटलेल्या टायरचे काळे पट्टे पडलेले तुम्हीही पाहिले असतील... पंक्चर तर बाराही महिने होतात. मग टायर फुटतात ते याच दिवसांत का? रस्ता तोच, गाडी तीच, आणि टायरही बारमाही, म्हणजे 'ऑल सीझन'!

समुद्रपूरला मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे उत्तर मला पाठ होते. उन्हाने हवा तापते, दाब वाढतो, टायर फुटतो... मागच्या गुरुवारपर्यंत मी हेच सांगत असे. आणि स्वतःच्या गाडीवर अगदी शिस्तीने अमलातही आणत असे.

दिवाळीत मी चारही टायर नवे घेतले. मार्चपासून दर रविवारी दुपारी बाजारहाट आटोपून परतताना पेट्रोल पंपावर हवा तपासायची, ऊन वाढेल तसा काटा कंपनीने दिलेल्या तेहतीस पॉइंटच्या वर गेला की जादा हवा काढून टाकायची, असा माझा नेम. तीन टायरांची हवा प्रत्येक वेळी काढावी लागे, मागचा डावा मात्र कधी वर गेलाच नाही... चौघांत तोच गुणी, असे मी कौतुकाने म्हणत असे.

गुरुवारी सावंगीच्या हॉस्पिटलमधून मुलीला, केतकीला, सुट्टी मिळाली. सोबत आठ दिवसांची नात. कागदपत्रे होईपर्यंत अकरा वाजून गेले, आणि ऊन आणखी चढायच्या आत घर गाठायचे म्हणून मी हिंगणघाट रोडवर गाडी जरा जोरातच काढली.

वायगाव मागे पडले आणि नातीने रडायला सुरुवात केली. एसी वाढवून झाला, कमी करून झाला... शेवटी केतकी म्हणाली, "आई, तिले भूक लागली. तू थांबव बरं आता!" मी थोड्या नाराजीनेच एका कडुनिंबाच्या सावलीत गाडी घेतली. शेजारीच पंक्चरचे दुकान होते.

दुकानाचे मालक मडावीभाऊ ट्रॅक्टरच्या चाकाशी झटत होते. त्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिले, आणि काम टाकून सरळ मागच्या डाव्या चाकाशी येऊन बसले. मी न बोलावता!

"मॅडम, याचं पोट तर जमिनीले टेकून राह्यलं."

मी माझा रविवारचा नेम सांगितला. उन्हाळ्यात हवा थोडी कमीच बरी, तापून फुगायला जागा राहते, हेही समजावले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"फुगा जास्त हवेनं फुटते मॅडम, टायर कमी हवेनं फुटते. बरं, तीन चाकं चढून राह्यले होते, तं हेच काऊन नाई चढलं, हे नाई पाह्यलं तुमी?"

मागच्या सीटवरून केतकीचा आवाज आला, "आई, आज तुहाच पेपर तपासून राह्यले ना भाऊ!"

मीटर लावले. भरधाव येऊन तापलेल्या त्या टायरमध्ये हवा होती फक्त बावीस पॉइंट. खाचेत एक बारीक खिळा रुतलेला, आणि तिथून आठवडाभर जेवढी हवा गळे, तेवढीच उन्हाने वाढलेली दिसे... म्हणून रविवारी काटा जागेवर! या चार दिवसांत मात्र खिळा हलून गळती वाढली होती.

जॅक लावून चाक काढले, लोखंडी डिस्कवरून टायर सुटला, आणि आतून काजळासारखी काळी पूड खाली पडली. "आतून दळून राह्यला होता. अजून धा-बारा किलोमीटर, अन् मंग फट्..." बोलताना त्यांचे लक्ष केतकीच्या कुशीकडे गेले, आणि ते वाक्य त्यांनी तिथेच सोडले.

घरी आल्यावर मी सगळे पुन्हा नीट मांडून पाहिले. तार तोडताना आपण ती पुन्हा पुन्हा वाकवतो, तेव्हा वाकण्याच्या जागी ती चटका बसेल इतकी तापते. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला तशीच वाकते. त्यात गाडीतले वजन, वेग आणि डांबराची उष्णता. अशा वेळी हवेच्या दाबाआधी रबरच हार मानते.

उन्हाने हवा तापून दाब वाढणार, हे कंपनीने धरलेलेच असते. गाडीच्या दरवाजाजवळ लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, आणि मी तो दुपारी, तापलेल्या टायरवर लावत होते! 'ऑल सीझन' म्हणजे उन्हात फार मऊ न पडणारे, थंडीत फार कडक न होणारे रबर आणि पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा... हवेची जबाबदारी कोणताच टायर घेत नाही.

त्या दुपारी मडावीभाऊंच्या दुकानात स्टेपनी बसली, बाकीच्या तीन चाकांत हवा भरली गेली, आणि आम्ही हळूहळू समुद्रपूरला पोहोचलो. नात वाटेत झोपली ती थेट अंगणातच जागी झाली. तिला घरात नेताना मी किती दिवसांनी एवढा मोकळा श्वास घेतला, ते मलाच ठाऊक. मडावीभाऊंचे उपकार तर शब्दांत मावणारे नाहीत.

तुम्हाला एक साधा प्रयोग सांगते. हवेचे छोटे मीटर आणा. उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी चारही टायर मोजा, दरवाजाजवळच्या आकड्याशी ताडून पाहा, कमी असेल तेवढी भरा. मग वीसेक किलोमीटर फिरून या आणि पुन्हा मोजा. चारही आकडे थोडे वाढलेले दिसले तर घाबरू नका, हवा काढू नका. पण एखादाच जागेवर राहिला असेल, तर त्याचे कौतुक न करता त्याला आधी दुकानात न्या.